डावीकडे बघ

रविवारी दुपारी सव्वातीनला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. भोजनेकाकू होत्या. कसे आहात, बरे आहात वगैरे काही न विचारता त्या एकदम म्हणाल्या, "हे तुमच्याकडे बसलेत का?"

मी नाही म्हणालो. भोजने गुरुजी अधूनमधून रविवारी आमच्या कचेरीत येत, आठवडाभराच्या अंकांतल्या चुका दाखवत, चहा घेत आणि जात. त्या दिवशी आले नव्हते. काकूंनी मग एका दमात सगळं सांगितलं. गुरुजी सकाळी पावणेसहाच्या एसटीने पोफळखोलला गेले होते, सातझरीचा धबधबा बघायला. साडेबाराच्या गाडीने जेवायला परत येतो म्हणाले होते. ती गाडी आली, नंतरची अडीचचीही आली. कंडक्टरने सांगितलं की सकाळी एक वयस्कर गृहस्थ पोफळखोलला उतरले, पण परतीला तिथून कुणीच चढलं नाही.

"एकटेच गेलेत?"

"एकटेच. दिगूभाऊंना विचारा म्हटलं, तर म्हणाले, कशाला, सगळं व्हिडिओत दाखवलंय."

साल २००६, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. परतीचा पाऊस रोज चार-साडेचारच्या सुमाराला घाटावरून खाली उतरत होता. चिपळूणच्या आमच्या कचेरीतून डोंगराची एक कड दिसते, ती तीन वाजताच काळवंडली होती. सूर्य सव्वासहाला मावळणार होता. पंचांग माझ्याच पानावर छापलं जायचं, म्हणून मिनिटासकट ठाऊक होतं.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि सुट्टीच्या दिवशी केबलवरचा एक कार्यक्रम करत होतो. नाव 'आपला परिसर', वेळ वीस मिनिटं, दर गुरुवारी संध्याकाळी. झरे, सडे, पक्षी, रानफुलं. चित्रण माझा मित्र दिगंबर महाडिक करायचा. तो सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचा. आखातात काम करणाऱ्या मेहुण्याने आणलेला एक हँडीकॅम त्याच्याकडे होता आणि फोटो स्टुडिओवाल्याने टाकून दिलेला तिपाई स्टँड होता. त्याचे नियम कडक होते. दृश्य धरलं की मनात वीस अंक मोजायचे, तोवर श्वास रोखायचा, झूमला हात लावायचा नाही. टेप माझ्या हातात दिली की त्याचं काम संपलं. तयार झालेला कार्यक्रम तो टीव्हीवर कधी बघायचा नाही. एकदा डोळ्यांनी बघितलंय, पुन्हा काय बघायचं, म्हणायचा. पुढचं सगळं माझं. संगणकावर उतरवणं, कापणं, जोडणं, निवेदन लिहिणं.

गुरुजी आमचे सर्वांत चोख प्रेक्षक. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं, वय अडुसष्ट, रोज पाच किलोमीटर चालणं. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत त्यांचा फोन. "मोघे, तुम्ही शिक्रा म्हणालात ती कापशी होती." पुढच्या गुरुवारी मी ते दुरुस्त करून सांगायचो. मी चूक मान्य करतो, याचं त्यांना अप्रूप होतं. चारचौघांत ते माझं नाव त्यासाठी घ्यायचे.

काकूंचा फोन ठेवून मी दिगूला लावला. तो मोटरसायकलवरून निघाला आणि चार वाजता पोफळखोलला पोचला. चित्रणाच्या वेळी आम्हांला वाट दाखवणारा धोंडू कोकरे धनगरवाड्यावरच होता. गावातली सहा-सात माणसं घेऊन दोघं सड्यावर चढले. सडा म्हणजे वरचं सपाट कातळी माळरान. तिथे एक उंबर आहे आणि मोबाइलला रेंज फक्त त्या उंबराखाली मिळते.

पावणेपाचला तिथून दिगूचा फोन आला. उंबरापासून खाली मोठ्या दगडापर्यंत आणि दगडापासून उजवीकडच्या वाटेने थेट धबधब्याच्या डोहापर्यंत ते जाऊन आले होते. हाका मारल्या, डोहात काठ्या घातल्या. काही नाही. चिखलात पावलाचा ठसाही नाही.

"त्या वाटेने ते गेलेलेच नाहीत, रंगा," तो म्हणाला. "पण दुसरी वाटच नाही. पुन्हा एकदा डोहापर्यंत बघतो आणि सव्वापाचला इथे येऊन फोन करतो. तोवर काकूंकडून काही कळतंय का बघ."

मी काकूंना फोन लावला. गुरुजींनी बरोबर काय काय नेलं होतं, एवढंच मला विचारायचं होतं. पाण्याची बाटली, छत्री, दोन पोळ्या आणि नकाशा, त्या म्हणाल्या.

"कसला नकाशा?"

तेव्हा कळलं. गुरुजींनी आमचा गुरुवारचा सातझरीचा कार्यक्रम व्हीसीआरवर उतरवून घेतला होता. शुक्रवारभर ते चित्र थांबवून थांबवून नकाशा काढत बसले होते. एक प्रत खिशात, एक घरी. सहलीला मुलं नेताना हेडमास्तरांच्या टेबलावर एक प्रत ठेवायची त्यांची जुनी सवय. मी काकूंना तो वाचून दाखवायला सांगितला. त्या चष्मा शोधायला गेल्या, परत आल्या आणि पहिलीतल्या मुलासारख्या एकेक शब्द वाचू लागल्या.

"सड्यावर उंबर. उंबरापासून सरळ खाली दोनशे पावले. मोठा दगड, बसलेल्या हत्तीसारखा. दगडापासून डाव्या हाताची वाट."

"काकू, डाव्या?"

"डाव्या. खाली दोन रेघा मारल्यात."

मी फोन ठेवला. हात कोरडा होता, तो मी उगाचच पँटला पुसला.

काय झालं होतं ते सांगतो. केबलचे मालक लियाकतभाई परकार यांनी आमच्या कार्यक्रमाला गाद्यांच्या एका दुकानाची जाहिरात मिळवली होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, वीस मिनिटं एक चौकोन दिसायचा आणि त्यात एक गादी. दिगूने सातझरीची सहा दृश्यं घेतली होती आणि प्रत्येकात धबधबा नेमका उजवीकडे. बुधवारी लियाकतभाईंनी कार्यक्रम आधी बघितला आणि म्हणाले, "मोघे, तुमचं पाणी आमच्या गादीवर पडतंय. गिऱ्हाईक म्हणेल, ओली गादी विकतायत."

पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता. संगणकात एक सोय असते, एका चौकोनात टिचकी मारली की चित्र आरशात दिसावं तसं उलटं होतं. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. मी टिचकी मारली. धबधबा डावीकडे गेला, गादी कोरडी राहिली. पण एकच दृश्य उलटं केलं तर धोंडू एकदा उजवीकडे वळतो आणि पुढच्याच क्षणी डावीकडून येतो, असं विचित्र दिसलं असतं. तसला ढिसाळपणा मला खपत नाही. मी सहाही दृश्यं उलटी केली. एकमेकांशी जुळतील अशी, कुणाला शंका येणार नाही इतकी व्यवस्थित. बातमीतल्या एका आकड्यासाठी मी तीन फोन करणारा माणूस. पण त्या दिवशी मी धबधब्याला बातमी समजत नव्हतो, चित्र समजत होतो.

दगडाच्या डाव्या बाजूला वाट नाही. पावसाच्या पाण्याने कोरलेली एक घळ आहे, धुक्यात वाटेसारखी दिसणारी. पुढे पुरुषभर गवत आणि गवताखाली सुटे धोंडे, थेट कड्यापर्यंत. चित्रणाच्या दिवशी धोंडूने काठीने तिकडे दाखवून आम्हांला बजावलं होतं, "तिकडं गुरं पण जात नायत."

म्हणजे तिकडे कुणीही गुरुजींना शोधायला जाणार नव्हतं. जागा ठाऊक असलेली सगळी माणसं बरोबर वाटेवर शोधत होती, आणि गुरुजी आमच्या चित्रातल्या वाटेने गेले होते.

चार वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. मी दिगूचा मोबाइल लावला, लागला नाही. पोफळखोलच्या दुकानातला फोन लावला, वाजत राहिला. दुकानदारही डोंगरावर गेला असणार. सव्वापाचची वाट बघण्यावाचून काही उरलं नाही. वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत माझ्या टेबलाभोवती माणसं जमली. आवृत्तीप्रमुख देवधर आपल्या खोलीतून बाहेर आले आणि पहिल्या पानावर चौकट ठेवायची का, विचारू लागले. लियाकतभाई केबलच्या कचेरीतून धावत आले होते. त्यांचा श्वास लागला होता. माणूस चांगला. गुरुजींसाठी जीप पाठवतो, डॉक्टर पाठवतो, सगळं म्हणून झालं. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि हळूच बोलले, "फक्त आपल्या प्रोग्रॅमचं नाव नको यायला, मोघे." देवधरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेरचं काम करायला मला त्यांनी तोंडी परवानगी दिली होती. लेखी नव्हती.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. खिडकीतून दिसणारी डोंगराची कड आता दिसेनाशी झाली होती.

पाच वाजून अठरा मिनिटांनी फोन आला. वारा इतका होता की दिगूचा आवाज तुटत होता. डोहाजवळ पुन्हा काही नाही, पाऊस समोर दिसतोय, धोंडू म्हणतोय की अर्ध्या तासाने खाली उतरावं लागेल, माणसं घाबरलीत.

"दगडाच्या डावीकडे बघ," मी म्हणालो.

"डावीकडे? डावीकडे काय आहे?"

"बघ तू."

"अरे, या लोकांना काय सांगू? तिकडे पाय ठेवायला कुणी तयार नाही. का बघायचं ते तरी सांग."

देवधर उभे होते. लियाकतभाई बसले होते. माझं वाक्य तयार होतं. वीस मिनिटं मी तेच तयार करत होतो, हे मला तोंड उघडल्यावर कळलं.

"गुरुजींचा हल्ली उजव्या-डाव्याचा घोळ होतो. डावीकडे बघ."

दिगू म्हणाला, "हे आधी सांगायचंस ना," आणि फोन बंद झाला.

नंतर मी ते शब्द मोजले. मोजायची सवयच असते आम्हांला. सात शब्द. 'मी चित्र उलटं केलंय, डावीकडे बघ,' यात सहा होते.

साडेपाचला पोफळखोलकडे पाऊस सुरू झाल्याचं लियाकतभाईंच्या जीपवाल्याने कळवलं. मी दुसऱ्या पानाची जुळणी करत बसलो. दूध संघाची सभा, कबड्डीचे निकाल. एकही मथळा आज आठवत नाही, पण त्या पानात एकही चूक नव्हती, हे मी दुसऱ्या दिवशी तपासलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दिगूचा फोन आला. गुरुजी सापडले होते. घळीने साठेक पावलं गेल्यावर धोंडे सरकले आणि ते गवतावरून घसरत खाली गेले. कड्याच्या दहा फूट अलीकडे करवंदीच्या जाळीत अडकले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गार पडलेलं, पण शुद्धीवर. सकाळपासून हाका मारत होते. धबधब्याच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. धोंडू कमरेला दोर बांधून खाली उतरला, आणि आता घोंगडीची झोळी करून त्यांना वर आणत होते.

"तू सांगितलं नसतंस तर आज रात्री गेले असते," दिगू म्हणाला. त्याला रडू येत होतं.

देवधरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लियाकतभाईंनी सगळ्यांना चहा मागवला.

पोफळखोलच्या वार्ताहराची बातमी पावणेसातला फॅक्सवर आली. त्यात वाक्य होतं, 'भोजने गुरुजींना अलीकडे दिशाभ्रम होत असल्याची माहिती मिळाल्याने शोधपथकाने दुसऱ्या बाजूस शोध घेतला.' ते मी काट मारून काढलं. खोटं होतं म्हणून. मथळा दिला, 'रस्ता चुकलेल्या निवृत्त शिक्षकाची कड्यावरून सुटका'. तेही खोटंच होतं, पण ते दोन स्तंभांत नेमकं बसत होतं. सात वाजता पान सोडलं.

मी काढलेलं वाक्य माझ्याआधी दवाखान्यात पोचलं होतं.

मंगळवारी मी गेलो. गुरुजींचा मुलगा मिलिंद डोंबिवलीहून आला होता. व्हरांड्यातच त्याने माझे दोन्ही हात धरले. तुमच्यामुळे बाबा वाचले, म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं की हे कधीपासून चाललंय. आई काही सांगत नाही, तिला बहुतेक कळलंच नसेल. शनिवारी तो दोघांना डोंबिवलीला नेणार होता. घर बंद, पुढे विकायचं. तिथे चौथ्या मजल्यावर राहतील, कुणीतरी सतत लक्ष ठेवायला असेल. एकट्याने बाहेर सोडायचं नाही, असं त्याने काकूंना सांगूनही टाकलं होतं.

गुरुजी पलंगावर होते, पायाला वजन लावलेलं. गालावर करवंदीचे ओरखडे. मला बघून त्यांनी काकूंना चहा आणायला पाठवलं. ते नेहमीसारखे बोलतील, मथळ्यावरून झापतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी उशीखालून नकाशा काढून माझ्या हातात दिला. पावसात भिजून वाळलेला, घड्यांवर फाटलेला.

"मोघे, मी चित्र तीनदा थांबवून हे काढलं. तिन्ही वेळा डावीकडे. आणि वाट उजवीकडे आहे, असं सगळे म्हणतात. म्हणजे दिसतं एक आणि हात दुसरंच काढतो. मला कळलं नाही, हिला कळलं नाही. तुम्हांला कळलं. कशावरून कळलं ते सांगा. काय दिसलं तुम्हांला माझ्यात?"

छत्तीस वर्षं शिकवलेला माणूस. तो मला विचारत होता आणि उत्तराला घाबरत होता.

मी सांगितलं. गादी, कोपरा, टिचकी, सहा दृश्यं, वीस मिनिटं, फोनवरचं वाक्य. काही गाळलं नाही. बोलताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून नकाशाकडे बघत होतो. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि कोपऱ्यात काढलेल्या एका बारक्या माणसावर बोट ठेवलं.

"तरीच. कोयता डाव्या हातात. धोंडू डावखुरा, अशी नोंद केली होती मी. परवा त्याने मला वर ओढलंन ते उजव्या हाताने. तेव्हाच खटकलं होतं."

"गुरुजी, मी..."

"मला नका सांगू. मिलिंदला सांगा."

मिलिंद औषधं घेऊन आला. मी त्याच्यासमोर तेच पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा वाईट सांगितलं, दोनदा अडखळलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, औषधं टेबलावर ठेवली आणि मला दारापर्यंत नेलं.

"काका, तुम्ही भले आहात. बाबांना बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतंय मला."

"बरं वाटावं म्हणून नाही. खरंच तसं झालंय."

"मग त्या दिवशी फोनवर हेच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"माणूस मरणाच्या दारात असताना?" त्याने मान हलवली. राग नव्हता, खरंच पटत नव्हतं. "असं कुणी करत नाही, काका."

मी ते केलं होतं, आणि तो मला त्याहून चांगला माणूस समजत होता.

गुरुजींनी पलंगावरून हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मिलिंद, इकडे ये. तुला शंका आहे ना? विचार मला."

मिलिंद पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. त्याला ते आवडत नव्हतं. आपल्या बापाला असं काही विचारायची वेळ येऊ नये, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने दोन्ही हात छातीसमोर वर केले, पंजे गुरुजींकडे.

"बाबा, उजवा हात कुठला?"

गुरुजींनी दोन्ही पंजांकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे.

"तुझा की माझ्या बाजूचा?" त्यांनी विचारलं. "नीट प्रश्न विचार. समोरासमोर उभं राहिलं की बदलतं ते."

मिलिंदचे हात तसेच राहिले. त्याने आधी एका पंजाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. काकू चहा घेऊन दारात आल्या तरी तो तसाच उभा होता.